नूतनच्या वयाचा ताळा

रविवारी सकाळी धुळ्याचे पाहुणे सोनगीरला तोतारामच्या घरी नूतनला पाहायला आले. तिची आई सुगंधाबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर चावत उभी होती. पोरीने नुकतीच दहावी दिली होती. पण नवऱ्याने रात्रीच बजावलं होतं, "कोनी इचारं तं अठरा सांगजो. गप बसजो."

नवरदेव भूपेंद्र अठ्ठावीस वर्षांचा घोडा. तोंड उघडायचं ते फक्त पोह्यांसाठी. सगळा कारभार त्याच्या काकांचा, शालिग्रामनानांचा. ह्या गृहस्थांनी हयातभर कचेरीत खुर्ची झिजवली, तरी आपल्याला गणित फार येतं असा त्यांचा समज. बाजारात बैलाचे दात पाहावेत तशी त्यांनी आधी पोर चालवून पाहिली, केस मोकळे करायला लावले. सुगंधाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आता हुशारी बघू. आमचा भूपेंद्र पाच फूट सहा इंच. सेंटीमीटर किती?"

नूतनने खडू आणला आणि काळ्या फरशीवर मांडलं. पाच फुटांचे साठ इंच, वर सहा, म्हणजे सहासष्ट. एका इंचाचे दोन पूर्णांक चोपन्न शतांश सेंटीमीटर. गुणाकार केला : १६७.६४.

नानांनी हळूच मोबाईलवर पडताळून "बरोबर" म्हटलं. वा रे गणिती!

"आता तुमच्या दोघांचंच गणित घालतो," नाना खुशीत आले. "मुलगा मुलीपेक्षा दहा वर्षांनी मोठा. दोघांच्या वयांची बेरीज सेहेचाळीस. मुलगी किती वर्षांची?"

नूतन पुन्हा वाकली. मुलीचं वय क्ष मानलं, मुलाचं क्ष अधिक दहा. बेरीज केली, दोन क्ष अधिक दहा बरोबर सेहेचाळीस. दहा वजा केले, दोन क्ष म्हणजे छत्तीस. दोनाने भागलं.

"क्ष बरोबर अठरा."

"शाब्बास! तोतारामभाऊ, पोरगी पसंत!"

"नाना, ताळा कराना बाकी शे," नूतन म्हणाली. तिने खडूने अठराच्या खाली सोळा लिहिलं. "आमना सर सांगतस, उत्तर उन्हं का ताळा करानाच. गनितमधली पोर अठरानी शे. मी सोळानी शे."

"चूप!" तोताराम ओरडला. "पोर थट्टा करी राहिनी, नाना. अठरानीच शे ती."

नाना खाकरले. "लिहिण्यापुरती अठरा झाली की झालं हो. कोण विचारतं?"

कोण विचारतं! म्हणे शिकलेली माणसं! सुगंधाबाई आजवर पाहुण्यांपुढे बाहेर आली नव्हती. ती आली आणि पोरीजवळ उभी राहिली.

"सोळानीच शे. मी जनम दिन्हा, माले ठाऊक शे. मी पंधरानी व्हतू तवय मन्हं वय बी अठराच सांगेल व्हतं. पहिलं बाळ पोटमाच गयं. तवय कोनी ताळा कया व्हता का?"

भूपेंद्रने बशी खाली ठेवली, पोहे मात्र आधी संपवले. नाना पुटपुटत चपला शोधू लागले.

पाहुण्यांची गाडी गेली. "नाक कापं तुम्ही मायलेकीसनी," म्हणत तोतारामने फरशी पुसायला पाय पुढे केला.

"पाय नका ठेवू," सुगंधाबाई म्हणाली. "मन्ही पोरनं गनित शे ते. दोन वरीस ह्या घरमा कोनी पोर देखाले उना, तं आधी त्याले हाई वाचाले लावसू."

तोतारामने पाय मागे घेतला.