कोमट खाडीतली चिंबोरी

धरमतरच्या खाडीत चिंबोरीनं, अहो खेकड्यानं, माणूस धरला, असं सांगितलं की पेणच्या बाजारात लोक मला हसतात. हसा. जगनला नाय हसू येत.

त्या दिवशी अवस होती. अवसेला चिंबोरी चरबीनं गच्च भरते, सुस्तावते. म्हणून जगन चिंबोरी ओढायची आकडी घरी ठेवून बिळात सरळ हात घालायचा. पण औंदा कुठल्याशा नव्या कारखान्याचं गरम पाणी खाडीत सुटलं होतं. गरम पाण्यात चिंबोरीचं अंग भराभर जळतं, साठवलेली चरबी चुलीतल्या काटक्यांसारखी संपते. तिथी भरल्या पोटाची, बिळात मात्र उपाशी जनावर. जगननं तिथी बघितली, पाणी नाय बघितलं.

चिखलात पालथं पडून त्यानं खांद्यापर्यंत हात घातला. आत नांगी मिटली.

"वनिता! धरलंय गो!"

"मोठी हाय का?" बायकोनं बांधावरून विचारलं.

"तिनं मला धरलंय!"

वनिता हसत आली आणि त्याचं तोंड बघून त्याला ओढू लागली. हात ओढला की मनगटाचं हाड करकरायचं. भरती लागली होती. कोमट पाणी त्याच्या हनुवटीला टेकलं.

"कोयता आण. हात तोड माझा."

"तोंड मीट, पाणी जाईल!"

ती धक्क्याकडं धावली. तिथं प्रणित रोह्याला न्यायचे मासे बर्फात भरत होता.

"बर्फ दे!"

"मग मासे काय तुझ्या पदराखाली ठेवू, वैनी?"

"नवरा बुडतोय रे माझा!"

प्रणितनं मासे ओतून दिले आणि बर्फाचा खोका डोक्यावर घेऊन तोच पुढं पळाला.

दोघांनी मुठीमुठीनं बर्फ बिळात कोंबला. जगनचं आता नुसतं नाक वर होतं. पण गारठ्यात चिंबोरीचं जळणं मंदावतं, तशी भूकही पेंगते. नांगी हळूहळू सैल पडली. हात सुटला, निळाजांभळा, पण अख्खा.

तिघं बांधावर चढून धापा टाकू लागले. तेवढ्यात खाली बिळाबिळांतून नांग्या वर आल्या. माझी शपथ, एकेक जगनच्या मांडीएवढी! सांडलेल्या बर्फाला चिंबोऱ्या चिकटून बसल्या, आईला बिलगावं तशा.

बर्फ वितळत गेला. संपला.

मग पेंगलेली भूक जागी झाली, आणि त्या सगळ्या बांधाकडं वळल्या.

पळताना प्रणितनं खोकासुद्धा उचलला नाय.