कलिंगडावर जन्मलेला बिबट्या

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बिश्केकच्या मेळ्यात आजवर कोणाचाच बसलेला नाही. तरीही मी सांगणार. एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही.

मी एक जुना मुखवटा आहे. हिमबिबट्याचा, डोक्यावरून अख्खा चढवायचा, मेंढीची लोकर चोळून, आटवून केलेल्या जाड नमद्याचा. कोचकोर गावी तोक्तोकान आपांच्या अंगणात माझा जन्म झाला, आणि तोही एका कलिंगडावर.

त्याचं असं झालं. आपांची नात अकमूर बिश्केकला शाळेत होती. संगणकावरच्या एका खेळात बिबट्याचं डोकं असलेली सेनापतीण होती. तिचं सोंग घेऊन अकमूरला खेळवेड्यांच्या मेळ्याला जायचं होतं. तिने फोनवर आजीला गळ घातली. आपांना खेळातलं काही कळलं नाही, पण बिबट्या कळला. नातीच्या डोक्याचं माप विचारायचं मात्र राहून गेलं. मग त्यांनी बाजारातून अंदाजाने एक कलिंगड आणलं, त्यावर लोकरीचे थर दिले आणि कढत पाणी नि साबण ओतून ते चोळायला घेतले. चोळता चोळता लोकर आटली, घट्ट झाली. मी तयार झालो, पण कलिंगड काही बाहेर येईना. शेवटी आपांनी ते मानेच्या भोकातून चमच्याने खाऊन संपवलं. माझ्या डोळ्यांच्या खाचांतून बिया तर पुढची दोन वर्षं गळत होत्या.

पहिल्या मेळ्याला आपा स्वतः मला घेऊन आल्या. फुलाफुलांच्या रुमालात मला घट्ट बांधलं होतं. सभागृहात लाकडी तलवारी, निळे केस, पुठ्ठ्याचे पंख यांची नुसती दाटी. परीक्षक आमच्यापाशी आले, तर आपा गाठ सोडेनात. आमच्याकडे नवी सून असो, नवं बाळ असो की नवा कोट, ते रिकाम्या हाताने कोणी बघत नाही. काहीतरी हातावर ठेवावं लागतं. त्याला कोरुंदुक म्हणतात. आपांनी हात पुढे केला तसे परीक्षक बिचारे खिसे चाचपू लागले. एकाने टॉफी दिली, दुसऱ्याने पेन. तिसरा स्वतःच पाठीला पंख लावून आला होता. त्याने त्यातलं एक पीस उपटून दिलं. ते अजून माझ्या आत शिवलेलं आहे.

त्यानंतर दरवर्षी आम्ही मेळ्याला जात होतो. माझ्याबरोबर फोटो काढायला रांग लागायची. एका वर्षी दाराशी उभा असलेला खराखुरा शिकारी कुत्रा मला पाहून जो पळाला, तो थेट इसिक-कुल सरोवरापर्यंत. तिथून तो पोहून पलीकडे गेला, असं ऐकतो.

मग दिवस पालटले. चकचकीत प्लास्टिकची चिलखतं आली. त्यांच्या डोळ्यांत दिवे लागायचे. माझ्या डोळ्यांत नुसती भोकं. अकमूर मोठी झाली, नोकरीला लागली, मेळ्याला जायची थांबली. मला पिशवीत घालून कपाटावर ठेवलं गेलं. तिथे मला कसर लागली. मित्रांनो, कसर आवाज करत नाही. ती आधी कडा खाते, मग गाल. माझा डावा कान तर तिने पार फस्त केला. मला वाटलं, आता आपली रवानगी कचऱ्यात.

पण त्याच वर्षी तोक्तोकान आपा अकमूरकडे राहायला आल्या. त्यांची मनगटं निकामी झाली होती. आता त्यांच्या हातून नमदा होणार नव्हता. अकमूरने मला खाली काढलं, पिशवी उघडली आणि कसरीने खाल्लेल्या कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आपाच्या हातचं शेवटचं हेच. यंदा मी मंचावर जाईन तर हाच घालून. नाहीतर नाही."

अडचण एवढीच की मोठ्यांच्या स्पर्धेत जुना पोशाख चालत नव्हता. तो त्याच वर्षी, स्वतःच्या हाताने केलेला हवा. अकमूरने जन्मात लोकरीला हात लावला नव्हता. तिने बाल्कनीत चटई अंथरली, पाणी उकळलं आणि माझ्या भोकांवर, गालांवर, कपाळावर नवी लोकर चढवायला घेतली. आपा खुर्चीत बसून लक्ष ठेवत होत्या.

"पोरी, लोकर चोळतेस का मांजर कुरवाळतेस?"

"आपा, हात भाजतायत माझे."

"भाजू देत. माझे काय कलिंगड खाऊन गेले?"

पोरीच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, तरी ती उठली नाही. डावा कान तिने नव्याने केला. आपांनी तो बोटांत धरून पाहिला. सैल आहे, अजून चोळ, म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशीच मेळा होता.

दाराशी नोंदणीच्या टेबलावर कुबानिच अगाय, म्हणजे कुबानिच मास्तर, बसले होते. नियमाला पक्का माणूस, आणि आपांना वर्षानुवर्षं ओळखणारा. तोच फुलाफुलांचा रुमाल पाहून त्यांनी मान हलवली.

"आपा, हा तुमचा जुना बिबट्या असणार. जुना चालत नाही."

"जुना असेल तर सोड की गाठ," आपा म्हणाल्या. "जुनं बघायला काय लागतं?"

अगायांचा हात गाठीपर्यंत गेला आणि थबकला. मागे रांगेत राक्षस, राजकन्या, यंत्रमानव असे सगळे टक लावून बघत होते. आत नवं निघालं, आणि म्हाताऱ्या बाईसमोर आपण ते रिकाम्या हाताने पाहिलं, तर? हात आपसूक खिशात गेला. त्यातून सूर्यफुलाच्या बियांची पुडी निघाली. ती आपांच्या तळहातावर ठेवून मगच त्यांनी गाठ सोडली.

"आपा, हे तर तेच डोळे!"

"मग बिया कशाला दिल्यास? तुमच्या घरी जुन्या वस्तूचं कोरुंदुक देतात होय?"

रांगेत हशा पिकला. अगाय हसले नाहीत. त्यांची नजर अकमूरच्या हातांवर गेली होती. सोललेल्या तळहातांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग एक नंबर काढून तिच्या खांद्यावर चिकटवला आणि बिया परत मागितल्या. पण आपांनी त्या फोडून खायला सुरुवातही केली होती.

म्हणून सांगतो, मित्रांनो, लोकरीला अधूनमधून ऊन दाखवा. आणि कोणाच्या हातची जुनी वस्तू विटली, फाटली, तर ती टाकू नका, तिच्यावर आपल्या हाताचा एक थर चढवा. तो चढवताना हात भाजले तरी चालेल.

आता मंचावर काय झालं ते ऐका. मी अशी डरकाळी फोडली की अला-तूच्या डोंगरावरचा बर्फ घसरला. प्लास्टिकवाल्यांच्या डोळ्यांतले दिवे विझले. माझे दोन्ही कान भाल्यासारखे ताठ उभे होते, आणि परीक्षकांनी एकमुखाने पहिलं बक्षीस आम्हाला...

"खोटं," पुढेच बसलेली, पुठ्ठ्याचे पंख लावलेली एक चिमुरडी म्हणाली. "पहिलं बक्षीस माझ्या ताईला मिळालं. तुझा डावा कान तर मंचावर गळून पडला होता. ताईनेच उचलून दिला. आणि अकमूरताईने तो हातात उंच धरून अख्खी फेरी पुरी केली."