जहाजावर मोठे ठरलेले ओगराळे

मित्रांनो, नाव ऐकून हसू नका. मी एक जुने ओगराळे आहे. वरण-आमटी वाढायला खोल वाटीचे आणि उभ्या लांब दांड्याचे भांडे असते ना, तेच मी. बदलापूर गावात गयाबाईच्या स्वयंपाकघरात एका खिळ्याला मी टांगलेले असते. माझ्या खाली गॅस आहे. गॅसवर लहानसे पातेले आहे. त्या पातेल्यात माझे तोंड बुडत नाही, म्हणून मी कोरडे. आणि कोरड्या भांड्याला बोलण्यावाचून दुसरे काम काय असणार?

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला. एका बाजूला जीन्स शिवणाऱ्या मशिनींची घरघर, दुसऱ्या बाजूला आमचा भांड्यांचा कारखाना. कोंडाजी नावाच्या कारागिराने मला घडवले. पत्र्याची चकती प्रेसखाली गेली आणि माझे पोट तयार झाले. त्याला दांडा जोडला, काठ घासला, आणि मी चकाकू लागले. पण पोट जरा मोठेच झाले होते. कोंडाजी मला हातात फिरवून म्हणाला, "हे लई खादाड निघालं बघ." तो शिव्या देत नव्हता. लाडाने म्हणत होता.

कॅम्प दोनच्या बाजारात मी बरेच दिवस दोरीला लटकून राहिले. बायका येत, मला उचलत आणि परत ठेवत. मग एक दिवस गयाबाई आली.

दुकानदार म्हणाला, "अम्मा, ये बडा है. शादीवाला है. घर के लिए छोटा ले लो ना."

"असू दे मोठं," गयाबाई म्हणाली. "माझ्या घरात माणसं पण तशीच जेवतात."

खरेच तशी जेवत. नवरा शिवराम अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीतून पाळी संपवून येई तेव्हा त्याच्या नखांत निळा रंग आणि पोटात आग असे. दीर असत, नणंद असे, कुणी पाहुणे असत. आणि भाताचा डोंगर करून त्यात वरणाचे तळे करणारा कैलास असे, तिचा एकुलता एक लेक. त्या घरात एक रीत होती. एकदा वाढून थांबायचे नाही. भूक नसली तरी दुसऱ्यांदा वाढायचेच, मग ते अर्धे का असेना. एकदाच वाढलेले ताट गयाबाईला अपुरे वाटे. वरण ढवळता ढवळता ती म्हणे:

पहिलं ओगराळं, वाढिते गं भुकेला
दुसरं ओगराळं, माझ्या लाडक्या लेकाला

मग घर हळूहळू रिकामे झाले. दिरांनी नव्या बिल्डिंगींत खोल्या घेतल्या. नणंद सासरी गेली. शिवराम गेला. कैलासने हॉटेलचा कोर्स केला आणि त्याला दूरच्या एका प्रवासी जहाजावर काम लागले. निघताना गयाबाईने मला टॉवेलात गुंडाळून त्याच्या बॅगेत घातले.

"आई, तिकडे ढीगभर चमचे असतात गं!"

"असतील. पण दुसऱ्यांदा वाढायचं त्यांना कोण शिकवणार?"

असे मी दर्यावर गेले.

मित्रांनो, जहाजाच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. तिला खिडकी नसते. चहूकडे स्टीलच्या भिंती, वाफेवर शिजणारे हंडे, आणि पायाखाली सतत एक बारीक थरथर. बाहेर समुद्र आहे हे मला पाण्यावरून कधी कळले नाही. हंड्यातला रस्सा एका बाजूला कलला की कळे. पण सुरुवातीची ती वर्षे! कलिंगडाचे कोरलेले मोर, बर्फावर मांडलेले मासे, तिथेच भाजलेल्या पावाचा वास. पांढऱ्या चादरींच्या टेबलांवर पाहुणे बसत. कुणी सूप दुसऱ्यांदा मागितले तर वाढपी आनंदाने धावत. देशी पाहुण्यांसाठी डाळ-भाताचे टेबल असे. तिथे कैलास माझ्या भरल्या पोटाने वाढी आणि मग विचारी, "और थोडा?" कुणी नाही म्हणत नसे.

खोटे कशाला बोलू, तेव्हा नासाडीही फार होई. अर्धी भरलेली ताटे मी डब्यात रिकामी होताना पाहिली आहेत. तेव्हा मला वाईट वाटे. पुढे याहून वाईट वाटणार आहे हे ठाऊक नव्हते.

कैलास फोनवर आईला सांगे, "आई, इथं पुरे म्हणेपर्यंत वाढतात." इकडे गयाबाई ते गल्लीभर सांगे, हे मला पुढे कळले. शेजारची अंजनी म्हणे, "मग तुझा लेक ढोल झाला असेल गं!" आणि गयाबाई फुशारून जाई.

बदल एका दिवसात झाला नाही. आधी पाव भाजायचे थांबले आणि गोठवलेले पाव खोक्यांतून येऊ लागले. मग लोण्याची वाटी गेली, तिच्या जागी नखाएवढी पाकिटे आली. सूप पातळ झाले. चांगले मासे, चांगले मटण काचेच्या दारांआडच्या छोट्या हॉटेलांत गेले. तिथे जेवायचे तर तिकिटावर आणखी पैसे. मोठ्या हॉलमध्ये गर्दी तेवढीच, उलट जास्तच, पण ताटे हलकी. दरवर्षी येणारे एक म्हातारे जोडपे होते. बाई म्हणाली, "पूर्वी इथे जेवण हाच सोहळा असायचा." नवरा म्हणाला, "अगं, पण इतक्या स्वस्तात दर्या कोण दाखवतं?" दोघांचेही खरे होते. दोघेही पातळ सूप प्यायले.

मग जहाजाचा मुक्काम काही महिने मुंबईकडे आला. त्याच वेळी नवी ओगराळी आली. माझ्यासारखीच चकचकीत, पण पोट माझ्या निम्मे. विनीत नावाचा तरुण उल्हासनगरचाच होता. जेवणाचे माप सांभाळणे हे त्याचे काम.

"कैलासभाई, आता एका ताटाला एकच. छोट्या पळीनं. वरून ऑर्डर आहे, मेरे हाथ में कुछ नहीं."

"एकच?"

"एकच. डाळ पण तेवढीच शिजणार, मोजून."

कैलासने मान हलवली. पण मित्रांनो, हाताला मान नसते. पहिल्याच दुपारी त्याने छोट्या ओगराळ्याने एकदा वाढले आणि हात आपोआप पुन्हा हंड्यात गेला. घरची रीत होती ती. रांगेतल्या प्रत्येकाला दोनदा. लोक खूश झाले. पण डाळ मोजून शिजली होती. रांगेच्या शेवटी उभे असलेले एक आजोबा कोरड्या भाताचे ताट घेऊन पुढे आले आणि हंड्यात डोकावून पाहू लागले. खाली नुसते स्टील दिसत होते.

विनीत ओरडला नाही. तेच जास्त लागले. तो म्हणाला, "बघितलंत? तुमचं दुसरं कुणाचं तरी पहिलं होतं."

कैलासने रिकामा हंडा खाली उतरवला. मला टेबलाखालच्या खणात ठेवले गेले. तिथे अंधार होता आणि ती थरथर होती. महिनोन्‌महिने मला कुणाचा हात लागला नाही. समुद्र कुठल्या बाजूला कलतो हेही कळेनासे झाले. वर नवी ओगराळी खणखणत. मी ऐकत राही आणि वाटे, मी इतके मोठे नसते तर?

आणि त्याच दिवसांत कैलासला कळले की घरच्या एका माणसाला सवलतीत फिरवायला आणता येते. त्याने आईचे नाव दिले होते ते पूर्वी, सगळे भरलेले होते तेव्हा. आता नंबर लागला. इतकी वर्षे त्याने भरल्या हंड्यांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आता आई येऊन ताट पुढे धरणार, आणि तिला कळणार की लेक सांगतो तसे इथे काही नाही. आणि मग तिला वाटणार, हा तरी इथे काय खात असेल? त्याला भीती वाटत होती ती तेवढीच.

ती आली. हिरवे पातळ, कपाळाला कुंकवाच्या जागी गोंदण, पायांत नवी चप्पल. त्या दिवशी कैलासने मला खणातून काढून पुसले आणि टेबलाच्या कडेला फडक्याखाली ठेवले. आईला आपण याच ओगराळ्याने वाढायचे, असे त्याने ठरवले होते. मी किती थरारले म्हणून सांगू!

जेवणाच्या वेळी रांग लागली. गयाबाई दोन्ही हातांनी ताट धरून पुढे सरकत आली. कैलासचा हात फडक्याकडे आला. तेवढ्यात त्याने रांगेच्या शेवटाकडे पाहिले. तिथे लोक अजून येतच होते. कोपऱ्यात विनीत उभा होता, पण तो खाली बघत होता. अडवले असते तर बरे झाले असते. कैलासचा हात फडक्यावर थांबला, आणि मग परत गेला.

त्याने छोटे ओगराळे उचलले. एकदा वाढले.

गयाबाई ताट तसेच धरून उभी राहिली. घरी उभी राहते तशी. दुसऱ्याची वाट बघत.

मागून कुणीतरी म्हणाले, "मावशी, आगे चलो ना!"

कैलास हलला नाही. तिने एकदा हंड्यात पाहिले. वरण तळाला गेले होते. एकदा मागच्या रांगेकडे पाहिले. मग लेकाच्या तोंडाकडे पाहिले आणि तिने ताट आपल्याकडे ओढून घेतले.

"पुरे रे बाबा," ती म्हणाली. "पोट भरलं माझं."

तिने अजून एक घासही खाल्ला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना माय-लेक कठड्याशी उभे होते. मी कैलासच्या हातातल्या पिशवीत होते. मग ती म्हणाली, "तू खातोस ना रे?"

"खातो की."

"पोटभर?"

"आई, मी स्वयंपाकी आहे."

"तेच तर म्हणते. स्वयंपाक्याला कोण वाढतं?"

तो हसला, पण हसू गालावर टिकले नाही. तिने पिशवीत हात घालून मला ओळखले. "हे दे मला. इथं ह्याचं पोट कुणी भरणार नाही."

असे मी परत आले. गल्लीत शिरताच अंजनीने विचारले, "काय गं, जेवण कसं होतं बोटीवर?"

"उतू चाललेलं," गयाबाई म्हणाली.

"मग तू वाळलीस कशी?"

"खारी हवा बाई. मानवत नाही."

लेकाने आईसाठी सांगितलेली गोष्ट आता आईने लेकासाठी पुढे चालवली.

तेव्हापासून या खिळ्याला आहे. जहाजावर रांग मोठी होती म्हणून मी मोठे ठरले. इथे रांगच नाही, म्हणून मोठे ठरले. गयाबाई एकटीपुरते वरण करते आणि साध्या चमच्याने घेते. एकदाच घेते. कधीमधी मला उगाच उतरवते, पदराने पुसते आणि पुन्हा टांगते. तेव्हा पुटपुटते:

पहिलं वरण गं, माझ्या ताटी पुरतं
दुसरं ओगराळं, दर्यापार वाट बघतं

मग एकदा कैलास रजेवर आला. त्या सकाळी मोठे पातेले माळ्यावरून खाली आले. डाळ शिजली, हिंगाची फोडणी बसली आणि कितीतरी दिवसांनी मी काठापर्यंत बुडाले. ती ऊब मला आठवतही नव्हती. कैलास पाटावर बसला. भात वाढला गेला. गयाबाईने मला भरून उचलले आणि पहिल्यांदा वाढले. मी पुन्हा बुडाले, पुन्हा भरले, ताटावर आले.

आणि त्याने ताटावर हात आडवा धरला.

"बस, आई."

नको म्हणून नव्हे, मित्रांनो. भूक त्याच्या डोळ्यांत दिसत होती. हात सवयीने आला होता. जो हात थांबायला शिकत नव्हता, तो आता मागायलाही विसरला होता. मी अधांतरी होते. माझ्या काठावरून वरण ठिबकत होते.

"हात काढ," गयाबाई म्हणाली.

"अगं, खरंच पुरे."

"कैलास, मागं कुणी रांगेत नाही. हात काढ."

त्याचा हात तिथेच राहिला. तेव्हा तिने मला हळूच कलते केले. कोमट वरण त्याच्या बोटांवर पडले, बोटांमधून भातावर ओघळले. तो क्षणभर बघतच राहिला. मग त्याने बोटे चाटली, लहानपणी चाटायचा तशी, आणि मान खाली घालून जेवू लागला. दुसरे ओगराळे संपले तेव्हा त्याने ताट पुढे सरकवले. गयाबाईने नुसते वाढले.

रजा संपली. तो गेला. मोठे पातेले पुन्हा माळ्यावर चढले आणि मी पुन्हा खिळ्यावर. दुपारी गल्लीतून रिक्षा गेली की भिंत थोडी थरथरते. तेव्हा मला वाटते, आपण अजून जहाजावरच आहोत.

मित्रांनो, तुमच्या घरातही असेल एखादे माझ्यासारखे थोराड भांडे. ते भंगारात घालू नका. वर्षातून एकदा तरी उतरवा आणि काठापर्यंत भरा. जगात मापे लहान होत जातील, त्याला तुमचा-माझा इलाज नाही. पण तुमच्या पाटावर कुणी दुरून आलेले माणूस बसले आणि त्याने ताटावर हात आडवा धरला, तर लगेच मागे फिरू नका. बोटे भाजणार नाहीत एवढे वरण निवू द्या, आणि दुसऱ्यांदा वाढा.