किंमत ठरली आणि भिंत सुटली

मित्रांनो, मी एका जहाजाची जुनी तसबीर आहे. माझ्यातले जहाज आता समुद्रावर उरलेले नाही. ते फिनलंडच्या कोणा व्यापाऱ्याने विकत घेतले आणि पुढे लाकडासाठी मोडले. मी मात्र अजून आहे, आणि माझ्या शिडांत अजून तोच जुना वारा भरलेला आहे.

माझा जन्म हॅम्बुर्गच्या बंदरातला. डेन्मार्कच्या फानो बेटाचे कप्तान सोन्निक तिथे माल उतरवून परतीच्या वाऱ्याची वाट बघत थांबले होते. गोदीजवळच्या गल्लीत ल्युडर्स नावाचा चित्रकार दर्यावर्दी लोकांना त्यांच्या जहाजांची चित्रे काढून देत असे. कप्तान रोज जाऊन त्याच्या पाठीशी उभे राहायचे.

"अहो, हा दोर इथे कुठे? तो मागच्या डोलकाठीचा. असं चित्र घरी नेलं तर माझी बायकोसुद्धा हसेल!"

ल्युडर्स कुरकुरत दोर पुसायचा आणि पुन्हा काढायचा. शेवटी तो म्हणाला, "दोर तुम्ही सांगाल तसे काढतो. पण समुद्र माझ्या मनाचा. त्यात तुम्ही बोलायचं नाही." म्हणून माझ्यातले दोर कप्तानांचे आहेत आणि लाटा ल्युडर्सच्या.

फानोवर कप्तानांचे घर बुटके होते, गवताने शाकारलेले. तिथे बैठकीच्या भिंतीवर मला लावले. कप्तान समुद्रावर असले की त्यांची बायको मारेन माझ्यासमोर विणत बसे. मुले माझ्यावर बोट ठेवून शिडांची नावे पाठ करीत. पुढे ती मुले मोठी झाली, त्यांचीही मुले झाली. शिडांची जहाजे गेली आणि शिडांची नावेही लोक विसरले. एका नातवाने तर कोणाचे तरी ऐकून अर्ध्या कांद्याने माझे आभाळ घासले. काजळी निघाली खरी, पण तिच्याबरोबर दोन ढगही निघून गेले. तो हळहळला, मग म्हणाला, "जाऊ दे, हवा स्वच्छ झाली!" घरातले सगळे हसले. मलाही त्याचा राग आला नाही. त्याने निदान मला हात तरी लावला होता.

त्या नातवाची मुलगी गुडरून ही त्या घरात राहिलेली शेवटची. तिचा नवरा लवकर गेला. मुलगा एबे आणि मुलगी सिसेल शिकून शहरात गेली. मग त्या घरात आम्ही दोघीच. "आज फेरीबोट सुटत नाही बघ," ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणायची. माझ्याशिवाय ते ऐकायला कोणी नसे. पुढे पुढे तिची नजर अधू झाली. ती माझ्याकडे वळून बोलायची, पण तिला मी दिसत नसेन. मला तिचे बोलणे पुरत असे.

एका हिवाळ्यात तिला दवाखान्यात नेले. ती परत आली नाही. घरातली शेगडी विझली, पडदे ओढले गेले. माणूस नसलेल्या घरात भिंत किती गार पडते, हे मला तेव्हा कळले.

वसंतात दोन्ही भावंडे आली. एबेचे ऑर्हूसला फर्निचरचे दुकान होते. सिसेल एस्बियर्गच्या इस्पितळात परिचारिका होती. घर विकायचे ठरले होते. आईच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर वारसा कर भरायचा, आणि न्यायालयात वाटणीचे कागद द्यायचे, म्हणून प्रत्येक मोठ्या वस्तूची अधिकृत किंमत हवी होती. त्यासाठी मेरेते नावाच्या बाई आल्या. जुन्या चित्रांची पारख करणे हाच त्यांचा व्यवसाय.

मेरेतेबाईंनी मला भिंतीवरून उतरवून टेबलावर उपडे ठेवले. माझी पाठ इतक्या वर्षांत कोणी पाहिली नव्हती. त्यांनी माझे कापड पाहिले, चौकटीचे लाकूड पाहिले. खोलीत अंधार करून, जुनी दुरुस्ती उघडी पाडणारा एक निळा दिवा माझ्यावरून फिरवला. प्रत्येक तडा, प्रत्येक डाग यांचे फोटो काढले. त्या माझ्यावर इतक्या जवळून वाकल्या होत्या, की त्यांचा श्वास मला लागत होता. मित्रांनो, मला आनंद झाला. वाटले, इतक्या वर्षांनी कोणाला तरी माझ्याबद्दल सारे जाणून घ्यायचे आहे! कशासाठी, ते मला ठाऊक नव्हते.

एबेने त्यांना कॉफी दिली आणि हळूच म्हणाला, "बाई, एक करता येईल का? कराच्या कागदावर जरा कमी लिहा. वाटणीच्या कागदावर मात्र व्यवस्थित लिहा. सिसेलला चित्र हवंय, तर माझा अर्धा वाटा मला बरोबर मिळायला नको का?"

"दादा, लाज बाळग थोडी," सिसेल म्हणाली.

"अगं, सगळेच करतात!"

मेरेतेबाई हसल्या. "चित्र एक, दिवस एक. आज बाजारात या तसबिरीचं काय येईल, तो आकडा दोन्ही कागदांवर एकच राहील. विम्याचा आकडा तेवढा वेगळा असतो, कारण तिथे प्रश्न वेगळा. ही जळाली तर अशीच दुसरी आणायला काय पडेल, हा."

"आणि तुमची फी? किंमत जास्त तर फी जास्त, असंच ना?"

"नाही हो. तसं असतं तर मी प्रत्येकाच्या घरी खजिनाच शोधून काढला असता. मी माझ्या वेळेचे पैसे घेते."

काही आठवड्यांनी त्यांचा अहवाल आला. ल्युडर्सची चित्रे आता संग्रहालये शोधत होती आणि फारच थोडी उरली होती. आकडा वाचून एबे खुर्चीत बसला. सिसेल उभीच राहिली. तिचा चेहरा उतरला. भावाचा वाटा देऊन मला ठेवून घेणे आता तिच्या आवाक्यात नव्हते.

"मग ठेवू दोघांच्या नावावर," एबे म्हणाला. "भाव वाढत जाईल. विकायची घाई कशाला?"

"पण लावायची कुठे?"

त्याचे उत्तर विमा कंपनीने दिले. मी सिसेलच्या दोन खोल्यांच्या घरात राहायची तर दाराला वेगळे कुलूप, खिडक्यांना गज, धोक्याची घंटा, आणि कसल्या कसल्या अटी. तिला ते झेपेना. एबेच्या बायकोला घरात इतकी मौल्यवान वस्तू नको होती. शेवटी मला मऊ कागदात गुंडाळून लाकडी खोक्यात घातले आणि शहराबाहेरच्या एका गोदामात नेऊन ठेवले.

तिथे न ऊन, न धूळ, न कॉफीचा वास. हवा सदा एकसारखी. मला कशाचाच त्रास नव्हता आणि तोच माझा त्रास होता. शेजारी आणखी खोकी होती. त्यांत कोणी तरी असणार, पण आम्हांला एकमेकांची तोंडे कधी दिसली नाहीत. गुडरून गेली तेव्हा मी दुःखी होते. इथे तर मी आहे की नाही, हेच मला कळेना. ज्या चित्राकडे कोणी बघत नाही, ते नक्की काय असते?

एकदा सिसेल आली. आधी अर्ज करून, ओळखपत्र दाखवून. गोदामाच्या माणसाने मला खोक्यातून काढून एका टेबलावर ठेवले. तिने हात पुढे केला.

"बाई, हात नको. विम्याचा नियम आहे."

तिने हात मागे घेतला. "बरी आहेस ना?" एवढेच ती म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली. पुन्हा ती आली नाही. इस्पितळातल्या पाळ्या, वाढते वय, आणि कदाचित ते तसे बघणे तिला सोसले नसेल. त्यानंतर मला बघायला फक्त मेरेतेबाई यायच्या. काही काही वर्षांनी त्या किंमत नव्याने ठरवून जायच्या. दर वेळी मी महाग होत गेले आणि अंधारही तसाच लांबत गेला.

मग एके दिवशी गोदामाच्या छतातली पाण्याची नळी फुटली. पाणी खोक्यात शिरले. माझी डावी बाजू फुगली, रंगाचे पोपडे सुटले, ल्युडर्सच्या कितीतरी लाटा खऱ्या पाण्याने धुऊन नेल्या.

नुकसान मोजायला मेरेतेबाईच आल्या. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. एबे त्यांच्या कानाशी लागला. "हे आभाळही पाण्यानेच गेलं म्हणा ना. भरपाई वाढेल."

"आभाळ तुमच्या आजोबांच्या कांद्याने गेलंय, सिसेलने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या पहिल्याच फोटोंत आहे ते. विम्याचा माणूसही ते फोटो बघणार. एक खोटं सापडलं, की खऱ्या नुकसानीवरही कोणी विश्वास ठेवत नाही."

खऱ्या नुकसानीची भरपाई खळखळ न होता मिळाली. मला जमेल तितके दुरुस्त केले गेले. पण माझी किंमत आता पूर्वीच्या तुलनेत काहीच राहिली नव्हती.

सिसेल भावाला म्हणाली, "दादा, भरपाई सगळी तू घे. मला ही दे."

"अगं वेडी आहेस का? हिच्यात आता राहिलंय काय?"

"तू तिच्याकडे कधी नीट बघितलंस तरी का?"

एबेने भरपाई घेतली आणि मला सोडून दिले. कायद्याने मी सिसेलच्या नावावर व्हावी, म्हणून मेरेतेबाईंनी शेवटचा कागद लिहून दिला. एवढ्या कमी किमतीच्या वस्तूसाठी विमा कंपनीने ना गज मागितले, ना घंटा. तिच्या साध्या घराच्या विम्यात मी मावले.

आज मी सिसेलच्या जेवणाच्या टेबलासमोर आहे. ती आता निवृत्त आहे आणि एकटी आहे. कधी कधी दिवसभर ती माझ्याकडे बघतही नाही. ब्रेडला लोणी लावते, रेडिओ ऐकते, खिडकीपाशी पेंगते. संध्याकाळी दिवा लावताना तिची सावली माझ्यावरून जाते. खूप वर्षे सावलीसुद्धा माझ्या वाट्याला आली नव्हती. माझी एक बाजू फिकी पडली आहे, आणि ती पुन्हा भरून येणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाच्या हातचे एखादे जुने चित्र असेल. त्याची पारख जाणत्या आणि सरळ माणसाकडून जरूर करून घ्या. करासाठी, विम्यासाठी, भावंडांतली भांडणे टाळण्यासाठी ती लागते. त्याचे फोटो काढून जपून ठेवा. ओलीपासून, उन्हापासून आणि कांद्यापासून त्याला सांभाळा. पण पारख करणारे माणूस निघून गेले, की भिंतीतला खिळा उपटू नका. चित्र उचला आणि परत त्यावर लावा.