कोपरे गोल करून (ऐच्छिक)

☐ कोपरे गोल करून
☐ खालच्या बाजूलाही पॉलिश
☐ खणाला कुलूप
☐ घरी येऊन जोडणी

चार चौकोन. गिऱ्हाइकानं हवं तिथे टिक करायची, खाली किंमत आपोआप वाढते. अर्ध्या तासाचं काम. आज तिसरा दिवस.

कारण बाबा. सुतार आहेत, हात सोन्याचा; पण माणसासमोर पैसे मागायचे म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. टेबलाचे ठरलेले तेवढे घेतात, वरचं सगळं ‘असू द्या हो’. भीड ही भिकेची बहीण, असं आई तीस वर्षं ऐकवतेय. म्हणून हे ऑनलाइन दुकान: बाबांच्यानं मागवत नाही ते चौकोनांनी मागावं. सोमवारी मी नोकरीला दुसऱ्या शहरात चाललेय. मग त्यांच्या वतीनं मागायला कुणी नाही.

☐ कोपरे गोल करून (+        )

“इथे आकडा सांगा, बाबा.”

“शून्य टाक.”

“शून्यच टाकायचं तर चौकोन कशाला?”

“तेच म्हणतोय मी. कशाला?”

(दहापर्यंत मोजले. परत मोजले.)

“ज्यांच्या घरी लहान मूल आहे ते टिक करतील ना!”

“आणि ज्यांना मूल नंतर झालं?”

☐ मुलीनं भिंतीवर डोकं आपटावं (ऐच्छिक नाही)

शेवटी आकडे मीच टाकले आणि दुकान उघडलं. दुपारी पहिली ऑर्डर. एक तयार टेबल, चारही चौकोन रिकामे. मी खूश. बाबांना सांगून जेवायला गेले. परत येऊन बघते तर बाबा त्याच टेबलाचा तिसरा कोपरा घासतायत.

“बाबा! त्यांनी टिक केलेली नाही!”

“दिसलं मला.”

“मग?”

“मग काय? टोकदार टेबल माझ्या हातून जात नाही.”

“अहो, मग ते ऐच्छिक कुठंय? मग ते टेबलच आहे!”

बाबांनी पॉलिशपेपर खाली ठेवला. “हं. टेबलच आहे,” ते म्हणाले. जसं काही तीन दिवस तेच मला समजावत होते.

☐ खालच्या बाजूलाही पॉलिश
☐ खणाला कुलूप
☐ घरी येऊन जोडणी

“खोडला तो चौकोन. ही ऑर्डर गेली तशी जाऊ दे. पुढच्यापासून कोपऱ्यांचे पैसे मूळ किमतीतच. वेळ किती लागतो?”

“दोन तास.” लगेच.

“दोन तासांचे किती?”

भुसा झटकून झाला. चष्मा पुसून झाला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसून झाला.

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. “तुम्हीच टाका. मी सांगणार नाही.”

“मग तू बघू नकोस.”

“काय?”

“तिकडे तोंड कर.”

मी, एवढी मोठी घोडी झालेली बाई, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. एक बटण वाजलं. बराच वेळ काही नाही. दुसरं. तिसरं. मग सगळं खोडल्याचा आवाज. मी ओठ चावला. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी जरा जोरात.

“वळू का?”

“थांब गं,” बाबा म्हणाले. “अजून थोडे वाढवतोय.”