मार्शल मैदान

रेगे साहेबांच्या कुत्र्याला मोकळं फिरवायला शहरात धड जागा नाही, हा प्रश्न त्र्याण्णवच्या डिसेंबरात वाळूजच्या कारखान्यात एकदम ऐरणीवर आला. तसे कारखान्यात इतर प्रश्नही होते. पिण्याच्या पाण्याचा नळ दुपारनंतर नुसता खोकायचा, आणि कडूबासारखे बदली कामगार सात-सात वर्षं बदलीच राहिले होते. पण ते प्रश्न जुने होते, साहेबांच्या अंगवळणी पडले होते. कुत्रा मात्र नवा होता. त्याचं नाव मार्शल, जात अल्सेशियन, आणि त्याला बंगल्यात कोंडल्यासारखं होत होतं.

साहेबांनी कारखान्याच्या माळ्याला केबिनमध्ये बोलावलं. माळी म्हणजे कडूबा, मूळचा देवगाव रंगारीचा, मेंढरांमागं वाढलेला.

"तुम्हा लोकांना कुत्र्यांतलं कळतं," साहेब म्हणाले. "शहरात हिंडून मार्शलसाठी चांगलं मैदान शोध. पंधरा दिवसांत शोधलंस तर तुझं कायमचं पत्र काढतो."

वर त्यांनी चार छापील फॉर्म दिले. सावली, पाणी, कुंपण, इतर कुत्र्यांची शिस्त आणि परिसरातील वातावरण असे त्यात रकाने होते. कामगारांच्या नळासाठी एवढा कागद कधी छापला नव्हता.

कडूबाला लिहिता येत नव्हतं, पण कायम हा शब्द त्याला सात वर्षांपासून पाठ होता. कायम झाल्याशिवाय कॉलनीत खोली नाही आणि दर सहा महिन्यांनी मिळणारा नारळ चुकत नाही.

"सात वर्षं झाडाला पाणी घालून काय झालं नाय," त्याची बायको सुगंधाबाई म्हणाली. "आता कुत्र्याच्या पायगुणानं कायम व्हता का बघा."

फॉर्म भरायला त्यानं बन्सीला गळ घातली. बन्सी रंगखात्यात होता, यंत्रांवरची अक्षरं तोच काढायचा. विद्यापीठाच्या नामांतराचा एकही मोर्चा त्यानं चुकवलेला नव्हता. दोघांची मैत्री एका डब्यातून जेवण्याएवढी जुनी होती.

कंपनीच्या जीपमधून कुत्रा निघाला आणि त्याच्याबरोबर कडूबालाही जन्मात पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसायला मिळालं. हिमायत बागेत सावली झकास होती. पण दर झाडाखाली एकेक जोडपं, आणि मार्शल भुंकला की एवढी पळापळ व्हायची की बागेतल्या माळ्यानं हात जोडले. आमखास मैदान ऐसपैस होतं. तिथं एक दिवस नामांतर झालंच पाहिजे म्हणणाऱ्यांची सभा, तर दुसऱ्या दिवशी होऊ देणार नाही म्हणणाऱ्यांची. मार्शल दोन्ही सभांना भुंकून साथ द्यायचा. शेवटी एकानं दरडावून विचारलंच, "कुत्रा कुणाच्या बाजूचा?" कडूबानं "कंपनीचा" म्हणून सुटका करून घेतली.

विद्यापीठामागच्या डोंगराला वारं चांगलं होतं. पण पायथ्याशी बंदोबस्ताचे तंबू पडले होते. हवालदारानं कडूबाला अडवलं.

"कुठं?"

"कुत्र्याला फिरवाया."

हवालदारानं मार्शलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुत्रा जाऊ दे. तू थांब."

बन्सीनं तिन्ही फॉर्मांवर वातावरणाच्या रकान्यात 'तंग' असं सुबक अक्षरात लिहिलं. साहेबांनी ते वाचून कपाळाला आठ्या घातल्या.

"पंधरा-सोळा वर्षं एका नावासाठी धिंगाणा! अरे, नावात काय ठेवलंय?"

बन्सी समोरच उभा होता. अठ्ठ्याहत्तर साली याच नावापायी त्याच्या मामाचं घर जाळलं होतं. मामी नेसत्या लुगड्यानिशी रात्रीची शहरात आली, ती परत गावाकडं गेली नाही.  बन्सीनं टोपण लावून पेन खिशाला अडकवलं. कडूबाला साहेबांचा राग आला आणि त्या रागापेक्षा पत्राची आठवण जास्त आली, याची लाजही वाटली.

दिवस सरत आले. शेवटी कडूबानं उरलेला फॉर्म घडी करून खिशात घातला आणि आपल्या पद्धतीनं जागा बघायचं ठरवलं. मेंढरं बसवायची जागा बघतात तशी. पायताण काढून चालायचं, सराटे टोचतात का बघायचं, वारं कुठून येतं ते हुंगायचं. कारखान्याच्या मागंच बावीस एकर पडीक होतं. गावाचं गायरान होतं ते, कंपनीनं वाढीसाठी घेतलं आणि आठ वर्षांत तिथं फक्त बाभळी वाढल्या. सुगंधाबाईचा भाऊ सोनाजी दर हिवाळ्यात आपला कळप तिथंच बसवायचा. विचारायचं कुणाला, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि हाकलायचं कुणी, हे कंपनीला.

कडूबा मार्शलला घेऊन तिथं गेला. सोनाजीची काटेरी पट्ट्याची कुत्री दात विचकून धावली. आता कुत्रा फाटला तर पत्रही फाटलं. म्हणून कडूबानं घरची रीत केली. नवा कुत्रा कळपात आला की त्याला लोकरीवर बसवायचं आणि मेंढीच्या दुधात कुस्करलेली भाकरी हातानं चारायची. मग मेंढरं बुजत नाहीत आणि कुत्री अंगावर येत नाहीत. मार्शलनं बशीतलं इंग्रजी खाणं कधी एवढ्या चवीनं खाल्लं नव्हतं.

"दाजी," सोनाजी हसून म्हणाला, "भाकर चारलीस, आता ते कळपाचं झालं बघ. परत न्याया जड जाईल."

"साहेबाचं हाय ते. गाडीत बसून जातं," कडूबा म्हणाला.

रविवारी साहेब सहकुटुंब आले, थर्मास आणि घडीच्या खुर्च्या घेऊन. कळप पलीकडं चरत होता. मार्शल त्याच्या भोवती गोल-गोल धावत होता, भरकटलेलं कोकरू नाकानं ढकलून आत आणत होता. बाईसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

"सुंदर! कुणाची रे ही जागा?"

"आपलीच हाय, साहेब. कंपनीची."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. साहेबांना क्षणभर ओशाळल्यासारखं झालं, पण साहेब लोकांना ते फार काळ होत नाही. त्यांनी लगेच हुकूम सोडले. बावीस एकराला तारेचं कुंपण, एक फाटक आणि फाटकावर मोठा फलक: मार्शल मैदान.

फलक रंगवायला अर्थातच बन्सी आला. साहेब स्वतः शेजारी उभे राहिले. 'मार्शल' जरा ठळक हवं, म्हणाले. दोनदा पुसायला लावलं. रंग निळा नको, पिवळा घे, म्हणाले. ना मोर्चा, ना सभा, ना बंदोबस्त. दुपारच्या चहापर्यंत नाव लागलंसुद्धा.

साहेब गेल्यावर बन्सीनं ब्रश रॉकेलमध्ये बुडवला. "कडूभाऊ," तो म्हणाला, "साहेब तर म्हणत होते, नावात काय ठेवलंय."

कडूबाला त्याच दिवशी पत्र मिळालं. तेही बन्सीनंच वाचून दाखवलं. कडूबा कायम झाला होता, मैदानाचा रखवालदार म्हणून. खाली एक ओळ होती: 'साहेबांच्या परवानगीशिवाय कोणताही माणूस अथवा जनावर आत दिसता कामा नये.'

"जनावर म्हंजे?" कडूबानं विचारलं.

बन्सीनं त्याच्याकडं बघितलं आणि पत्राची घडी घातली. "तुला समजलंय."

सोनाजी पंधरा-वीस दिवस गंगापूरकडं एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं खताला बसवून परतला, तेव्हा फाटकावर त्याचा दाजी खाकी घालून उभा होता. आत मार्शल तारेशी नाक लावून पडला होता. रोज त्याला सोडलं की तो बावीस एकर एकदा हुंगून यायचा आणि फाटकाशी येऊन कण्हायचा. चांगलं मैदान कुत्र्याला रिकामं झालं होतं.

"दाजी, फाटक काढ."

"नाय काढता येत, सोनाजी. हुकूम हाय."

"आरं, जागा तर तूच दावली त्यास्नी!"

 कडूबानं मान खाली घातली. सोनाजीनं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, पण त्यानं नुसती काठी खांद्यावर टाकली. "ताईला सांग, आम्ही पाचोडच्या अंगाला जातो. आता इकडं काय यायचं?" म्हणाला आणि कळप वळवला.

मेंढरांची घंटी दूर जायला लागली तसा मार्शल उठला. त्यानं दोन पायांनी तारेखालची माती उकरली, पोट घासून बाहेर पडला आणि कळपामागं सुटला. मागं राहिलेलं एक कोकरू नाकानं ढकलत तो बाभळींआड दिसेनासा होऊ लागला.

कडूबानं दोन बोटं तोंडात घातली. त्याची शिट्टी कोसभर ऐकू जायची, आणि त्या शिट्टीला मार्शल परत आला असता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खिशात पत्र होतं. सुगंधाबाईनं कॉलनीतली खोली कालच झाडून काढली होती. कडूबानं बोटं तोंडातून काढली आणि विजारीला पुसली.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. कडूबानं फाटक सताड उघडलं, ताठ उभा राहिला आणि सलाम ठोकला.

साहेबांनी आत नजर फिरवली. "काय रे, सगळं ठीक?"

"हुकमाप्रमाणं, साहेब," कडूबा म्हणाला. "आत माणूस नाय, जनावर नाय."