वाटूरच्या पार्लरमधली गिटार

वाटूर फाट्यावरून मंठ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला शिवकन्याचं पार्लर आहे. बाहेरून ते चार पार्लरांसारखंच दिसतं. काचेच्या दारावर नवरीचा फोटो, आत दोन खुर्च्या, मोठा आरसा. आत शिरल्यावर मात्र नवी बाई दचकते, कारण तिथं गाणी वाजत असतात ती इंग्रजी, पन्नास वर्षांपूर्वीची, ड्रम आणि गिटारची.

"बंद कर की माय ते," आयब्रो करायला बसलेली बाई डोळे मिटूनच म्हणते. "कोणीतरी पत्रे बडवून राह्यलंय असं वाटतंय."

"जरा दम धरा काकू, आता गिटार येतीय," शिवकन्या दातातला दोरा न सोडता म्हणते.

ही आवड तिला पुण्यात लागली. लग्नाआधी ती पार्लरच्या कोर्ससाठी तिथं गेली होती आणि खोलीत तिच्यासोबत शिलाँगची इबा होती. इबा सकाळी केस विंचरता विंचरता रॉक लावायची. शिवकन्याचे वडील मेंढरं घेऊन वर्षातले सहा महिने बाहेर असायचे; घरात भजनं आणि रेडिओवरची सिनेमाची गाणी, एवढंच तिच्या कानावर पडलेलं. इबाच्या गाण्यांतला एक शब्द तिला कळत नव्हता. म्हणूनच बहुतेक तिचं लक्ष शब्द सोडून गिटारीकडे गेलं. ती गिटार रडायची, भांडायची, मधेच गप्प बसायची, आणि ते सगळं शिवकन्याला बराबर कळायचं.

वाटूरला सून म्हणून आली तरी ते सुटलं नाही. उलट वाढलं. जगभर गाजलेल्या वादकांपेक्षा तिला त्यांच्या मागे राहून गेलेले जास्त आवडायचे. रोरी गॅलघर नावाचा एक आयरिश माणूस, घामानं ज्याच्या गिटारीचा रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं. आणि सगळ्यांत लाडका पॉल कॉसॉफ. दुसरे जिथं वीस सूर घालतील तिथं हा एकच घालायचा, आणि तो सूर बोटाखाली थरथरत ठेवायचा. हे ती गिऱ्हाइकांना सांगायची, नणंदेला सांगायची, नवऱ्याला सांगायची. तिचा नवरा माऊली पिकअप चालवतो, मोसंबी आणि कापूस वाहतो. तो जेवता जेवता सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "मला त्यातलं काय कळत न्हाई शिवा, पण तू बोल."

इबाशी कधीमधी फोनवर बोलणं व्हायचं. बाकी या विषयावर बोलायला तिला माणूस नव्हता.

दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली. गावातल्या उषाबाईंची नात राजनंदिनी, तिच्या मेकपचं काम शिवकन्याकडे होतं. उषाबाई म्हणजे गावातलं वजनदार माणूस. त्यांच्या शब्दावर पार्लरला गिऱ्हाईक येणार की जाणार हे ठरायचं. शिवकन्या सकाळीच पेटी घेऊन गेली. राजनंदिनीचा चेहरा झाला, एका डोळ्याचं काजळ झालं. बाहेर मांडवात ऑर्केस्ट्रा सुरू होता. वडीगोद्रीचा राधेश्याम नावाचा माणूस तो चालवायचा. गाणारी पोरगी एक जुनं हिंदी गाणं म्हणत होती, कीबोर्डवाला जोरात होता.

पहिलं कडवं संपलं, आणि दुसरं सुरू व्हायच्या मधल्या जागेत गिटार वाजली.

शिवकन्याचा हात थांबला. गिटारवाल्यानं गाण्याची चाल वाजवलीच नव्हती. त्यानं एक सूर धरला होता आणि तो सोडतच नव्हता. सूर थरथरत वर चढला, आता तुटतो असं वाटलं, आणि मग हळूच खाली उतरून गाणाऱ्या पोरीच्या हातात गाणं देऊन गेला.

"ताई?" राजनंदिनी म्हणाली.

"आलेच," शिवकन्या म्हणाली आणि काजळाची पेन्सिल हातात घेऊन बाहेर पळाली.

मांडवात पुढे गाणारी, तिच्या शेजारी कीबोर्डवाला. गिटारवाला दिसेना. ती कडेकडेनं मागे गेली. स्पीकरच्या उंच पेट्यांमागे, प्लास्टिकच्या खुर्चीवर, पन्नाशीचा एक बारीक माणूस बसला होता. मांडवातून तो कोणालाच दिसत नव्हता. शिवकन्या तिथं उभी राहिली ते गाणं संपेपर्यंत. मग म्हणाली, "ते मधलं तुम्ही वाजवलं का?"

माणूस घाबरून उठला. "चुकलं का काही?"

"न्हाई! चुकलं कुठं!" ती म्हणाली. तेवढ्यात मागून उषाबाईंचा आवाज आला.

"अगं ए शिवकन्या! नवरी एका डोळ्यानं बोहल्यावर चढणार हाय का?"

मांडव हसला. कोणीतरी मोबाईल काढला. शिवकन्या परत धावली, काम तिनं झकास पुरं केलं, राजनंदिनी गालातल्या गालात हसत होती. पण उषाबाई निघताना म्हणाल्या, "मुहूर्ताच्या टायमाला नवरीला सोडून गाणंवाल्याकडे पळणारी बाई आम्हाला नको बाई. जबाबदारी म्हणून काही असती का न्हाई?"

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरला. पुढच्या आठवड्यातल्या दोन नवऱ्या मंठ्याच्या पार्लरला गेल्या. सासूबाई भांडी जोरजोरात ठेवू लागल्या. शिवकन्याला वाईट वाटलं ते नवरीला तसं सोडल्याचं. तिनं राजनंदिनीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या ताई, फोटोत दोन्ही डोळे आलेत."

माऊलीनं व्हिडिओ बघितला. मग विचारलं, "एवढं काय वाजवलं त्यानं?"

"तुम्हाला कॉसॉफ सांगते न्हाई का मी? तसं. अगदी तसं. स्पीकरच्या मागं बसून."

"त्याला सांगितलंस का?"

"कुठं सांगू दिलं."

माऊलीनं डोकं खाजवलं. "मंगळवारी माझी अंबडकडे मोसंबीची फेरी हाय. त्या राधेश्यामचं वडीगोद्री तिथून पुढंच हाय. चल. सांगून टाक एकदा."

गिटारवाल्याचं नाव संपत. वडीगोद्रीला हायवेवरच्या चहाच्या हॉटेलात राधेश्यामच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला म्हणून विचारलं तर लगेच पत्ता मिळाला. घर शेतातच होतं, मोसंबीच्या बागेला लागून. संपत पाणी देत होता. पार्लरवाल्या बाईला ओळखून तो गडबडला. त्याच्या बायकोनं, कौसल्यानं, चहा टाकला. शिवकन्यानं फोन काढला, इअरफोन त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "भाऊ, बोलत न्हाई मी काही. आधी हे ऐका."

तिनं कॉसॉफ लावला. संपत बाजेवर बसून ऐकत होता. आधी मान हलवली. मग मान थांबली. गिटारीचा मोठा तुकडा आला तसा त्याचा डावा हात आपोआप गुडघ्यावर गेला आणि बोटं हलायला लागली. ऐकून झाल्यावर त्यानं इअरफोन काढले नाहीत. बोटानंच खूण केली, पुन्हा.

दुसऱ्यांदा ऐकून तो म्हणाला, "ह्याचा हात थरथरतो. पण मुद्दाम."

"हो ना!" शिवकन्या जवळजवळ ओरडली.

"मला कोणी शिकवलं न्हाई ताई. ऐकून ऐकून वाजवायला लागलो. हे असं सूर धरून ठेवणं माझ्या हातून आपोआप व्हायचं. राधेश्यामशेठ चिडायचे, म्हणायचे, लांबवू नको, गाणं पुढं ने. मला वाटायचं माझी ती वाईट खोड हाय. लई प्रयत्न केला मोडायचा." त्यानं फोनकडे बोट केलं. "हा माणूस कुठं असतो आता?"

"वारले. पंचवीस वर्षांचे होते."

कौसल्या चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. संपतनं इअरफोन काढून नीट गुंडाळले. "पंचविसाव्या वर्षी एवढं कळलं होतं त्याला," तो म्हणाला. मग म्हणाला की या सीझननंतर राधेश्यामशेठ त्याला काढणार आहेत. कीबोर्डवर गिटारीचं बटण असतं, मग वेगळा माणूस कशाला? त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

परतताना माऊली गाडी चालवत होता. अंबड मागं पडलं तेव्हा तो म्हणाला, "संक्रांतीला तुझं पार्लरमध्ये हळदीकुंकू असतं ना? बोलाव की त्याला वाजवायला."

"बायकांच्या हळदीकुंकवाला माणूस?"

"मी दारात बसतो. मी पण माणूसच हाय."

शिवकन्यानं घरोघर जाऊन बोलावणं केलं. उषाबाईंच्या घरी ती सगळ्यांत शेवटी गेली. "काकू, तुमचं बराबर होतं. नवरीला सोडायला नको होतं मी," ती म्हणाली. "पण ज्याच्यासाठी पळाले ते एकदा ऐकायला या. मंग काय बोलायचं ते बोला."

उषाबाईंनी येते म्हटलं नाही आणि येत नाही असंही म्हटलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दुपारी पार्लर भरलं. अर्ध्या बायका वाण घ्यायला आल्या होत्या, अर्ध्या गंमत बघायला. उषाबाई राजनंदिनीला घेऊन आल्या आणि आरशासमोरच्या खुर्चीत बसल्या. संपत इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात, लहानसा स्पीकर पायाशी. कौसल्याही आली होती. माऊली दारात स्टुलावर बसला होता आणि येणाऱ्या प्रत्येकीला तिळगूळ देत होता.

पहिलं गाणं संपतनं घाबरत वाजवलं. बायका आपसात बोलत होत्या. दुसऱ्याला जरा शांत झाल्या. तिसऱ्याला तो रंगात आला, डोळे मिटले, आणि त्यानं तो सूर धरला. शिवकन्यानं फोनवर रेकॉर्डिंग लावलं. आणि लाईट गेली.

स्पीकर गप्प. पंखा गप्प. बाहेर फाट्यावरच्या ट्रकांचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते.

"घ्या," कोणीतरी म्हणालं. "चला बायांनो, वाण घ्या आन् निघा."

दोघी-तिघी उठल्या. शिवकन्याला रडू येईल असं झालं. पण संपतनं डोळे उघडलेच नव्हते. त्याची बोटं चालूच होती. स्पीकरशिवाय त्या गिटारीचा आवाज अगदी बारीक होता, पत्र्यावर नख फिरवल्यासारखा. जवळ बसलेल्या बायकांना ऐकू येत होता, लांबच्यांना नाही.

"बसा गं," उषाबाई म्हणाल्या. "वाजवून राह्यला तो."

लांबच्या बायका पुढे सरकल्या. कोणी खाली बसलं, कोणी खुर्चीच्या दांड्यावर. बांगड्या वाजू नयेत म्हणून कोणी हात मांडीवर दाबून धरले. एवढ्या बायका एवढ्या शांत शिवकन्यानं कधी पाहिल्या नव्हत्या. संपत वाजवत राहिला. गाण्याची चाल सोडून तो कुठंतरी लांब गेला होता, एकेक सूर ठेवत, बघत, पुन्हा उचलत. कौसल्या त्याच्याकडे बघत होती. घरातल्या माणसाला बाहेर परक्यासारखं भेटावं तशी.

शेवटी तो थांबला. लाईट काही आली नव्हती. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळेना. उषाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "माझ्या नातीच्या लग्नात तुम्ही होतात का हो? दिसला न्हाईत मला."

"स्पीकरच्या मागं होतो काकू."

"कोणी बसवलं तिथं?"

संपत हसला आणि गिटारीच्या तारा पुसू लागला.

शिवकन्यानं ते फोनवर रेकॉर्ड केलं होतं. इबाला पाठवलं. इबाचा उलटा फोन आला आणि ती बोलायच्या ऐवजी नुसती हसत राहिली, मग म्हणाली, पुन्हा ऐकव. बाकी जगात कुठं ते पोचलं नाही. सीझन संपल्यावर राधेश्यामशेठनी संपतला खरंच काढलं. बटणावरची गिटार आता सगळ्या लग्नांत वाजते. नवऱ्या मात्र शिवकन्याकडे पुन्हा येऊ लागल्या. उषाबाईंनी पुतणीला पाठवलं, सोबत निरोप: काजळ दोन्ही डोळ्यांना आधी, गाणं नंतर.

परतूरच्या बाजारला यायचं झालं की संपत वाट वाकडी करून वाटूरला उतरतो. पार्लरच्या पायरीवर, माऊलीशेजारी बसतो, आणि शिवकन्या आतून एक गाणं लावते. गेल्या खेपेला तिनं टेरी कॅथ नावाचा अमेरिकन गिटारवाला लावला. बऱ्याच दिवसांपासून तिनं तो राखून ठेवला होता. खुर्चीत फेशियल लावलेली बाई होती, तरी शिवकन्या दारात येऊन संपतच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

संपतनं शेवटपर्यंत ऐकलं. मग मान हलवली. "हुशार हाय. पण लई घाईत हाय. गाडी सुटल्यासारखा."

"घाई?" शिवकन्या म्हणाली. "भाऊ, ती घाई न्हाई! तो भरून आलाय. तुम्ही नीट ऐकलंच न्हाई."

"ऐकलं की. तुम्हीच तर म्हणता, एक सूर पुरतो."

"प्रत्येकाला एक पुरंल असं कुठं म्हणलं मी?"

"मंग त्या कॉसॉफचं काय?"

"कॉसॉफचा काय संबंध! थांबा, दुसरं लावते, मंग बोला."

माऊलीनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. खुर्चीतली बाई पांढऱ्या तोंडानं ओरडली, "अगं शिवकन्या, हे वाळलं ना!" पण शिवकन्या फोनवर गाणं शोधत होती आणि संपत तिला सांगत होता की लावा, दहा लावा, मत बदलणार न्हाई.